हवेत लिहिलेले समाधिलेख

माणूस हे जग सोडून गेला म्हणजे त्याचे आप्तस्वकीय त्याची काही तरी खूण मागे ठेवतात. कोणी समाधी बांधतो, कोणी वृंदावन उभारतो, कोणी दगडावर नाव कोरतो. ज्यू लोकांत थडग्यावर एक लहानसा खडा ठेवून मृताचे स्मरण करण्याची रीत आहे. परंतु ज्यांना थडगेच लाभले नाही, त्यांच्यासाठी खडा ठेवावा तरी कोठे? विसाव्या शतकात हा प्रश्न एका स्त्रीपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्यात तिने आपले उर्वरित आयुष्य वेचले. त्या स्त्रीचे नाव नेली साक्स.

इ. स. १८९१ च्या डिसेंबर महिन्याच्या १० तारखेस जर्मनीतील बर्लिन शहरी एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात नेलीचा जन्म झाला. आईबापांची ती एकुलती एक मुलगी. वडील विल्यम साक्स हे रबरी वस्तूंचे कारखानदार होते. नेलीची प्रकृती इतकी नाजूक होती की, काही वर्षे तिचे शिक्षण घरीच झाले. वडील पियानो वाजवू लागले म्हणजे ती त्या सुरांवर नाचत राही. आपण नर्तकी व्हावे, अशी तिची बालपणीची हौस होती.

तिच्या पंधराव्या वाढदिवशी तिला स्वीडनच्या विख्यात लेखिका सेल्मा लागरलोफ यांची एक कादंबरी भेट मिळाली. ती वाचून मुलगी भारावून गेली. पुढे तिने लेखिकेस पत्र लिहिले, लेखिकेकडून उत्तर आले आणि दोघींचा स्नेह अनेक वर्षे टिकला. एका वाचनवेड्या मुलीने जोडलेला हा स्नेह एके दिवशी तिचे प्राण वाचविण्याच्या कामी येईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

१९२१ साली नेली साक्स यांचे कथांचे पहिले पुस्तक निघाले. त्या कविताही करीत. त्या काळच्या त्यांच्या लेखनात जुन्या दंतकथा, फुले, हरिणे आणि पाखरे असत. ते लेखन गोड होते, पण त्याला अजून जीवनाची धग लागली नव्हती.

ती धग लवकरच लागली. १९३० साली वडील वारले. १९३३ च्या आरंभी जर्मनीची सत्ता हिटलर आणि त्याचा नाझी पक्ष यांच्या हाती गेली. ज्यू लोक हे देशाचे शत्रू आहेत, असा द्वेषाचा प्रचार करून या सत्तेने त्यांच्या नोकऱ्या, त्यांचे व्यवसाय आणि त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. १९३८ साली एक विचित्र हुकूम निघाला. पुढील वर्षारंभापासून ज्यू स्त्रियांनी आपल्या नावास सारा हे एकच नाव जोडावे आणि पुरुषांनी इस्राएल हे नाव जोडावे, असा तो हुकूम होता. माणसाला मारण्याआधी त्याचे वेगळेपण पुसून टाकण्याचाच तो प्रकार होता.

या काळात साक्सबाईंना गुप्त पोलिसांच्या चौकशीस तोंड द्यावे लागले. त्या धक्क्याने त्यांची वाचाच बसली. पाच दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तारुण्यात ज्या पुरुषावर त्यांचे प्रेम होते, तोही नाझींच्या अत्याचाराला बळी पडला. त्याचे नाव त्यांनी जन्मभर कोणास सांगितले नाही.

अशा संकटात गुडरून हार्लान ही त्यांची जर्मन मैत्रीण धावून आली. १९३९ च्या उन्हाळ्यात ती मुद्दाम स्वीडनला गेली आणि ऐंशी वर्षांच्या लागरलोफबाईंना भेटली. स्वीडनचे राजपुत्र युजेन यांच्याकडेही तिने शब्द टाकला. परवान्याची वाट पाहण्यात महिन्यांमागून महिने गेले. मार्च १९४० मध्ये लागरलोफबाई निवर्तल्या. एप्रिल महिन्यात जर्मन सैन्य डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांत घुसले. साक्सबाईंना सक्तमजुरीच्या छावणीत हजर होण्याचा हुकूमही येऊन पोहोचला. अखेर परवाना हाती आला आणि १६ मे १९४० रोजी वृद्ध आईला घेऊन त्या विमानाने स्टॉकहोमला उतरल्या. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

प्राण वाचले, परंतु हाती काहीच उरले नव्हते. स्टॉकहोममधील एका इमारतीत तळमजल्यावरची अंधारी जागा त्यांना राहावयास मिळाली. आई आजारी असे. दिवसा तिची शुश्रूषा आणि मिळेल ते काम करावयाचे. त्यांनी स्वीडिश भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेतील कवींच्या रचना त्या जर्मन भाषेत आणू लागल्या. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या अशा एका संग्रहाच्या नावाचा अर्थ लाटा आणि कातळ असा आहे. स्वीडनचा समुद्र आणि तेथले खडक जणू त्या नावातच उतरले होते.

याच काळात युरोपातून भीषण वार्ता येऊ लागल्या. नाझींनी ज्यू लोकांना गाड्यांत कोंबून छावण्यांत नेले होते. कित्येकांना गोळ्या घातल्या, कित्येकांना उपासमारीने मारले आणि लक्षावधी लोकांना विषारी वायूने ठार केले. प्रेते भट्ट्यांत जाळण्यात आली. सुमारे साठ लाख ज्यू स्त्रीपुरुष आणि मुले या संहारात नष्ट झाली. साक्सबाईंचे अनेक सोबती आणि परिचित त्यांत होते.

साठ लाख हा आकडा उच्चारण्यास सोपा आहे, पण आकड्याला चेहरा नसतो. साक्सबाईंना चेहरे आठवत होते. रात्री आई झोपली म्हणजे, तिची झोपमोड होऊ नये म्हणून, त्या अंधारातच बसून लिहीत. अशा रात्रींतून त्यांच्या खऱ्या कवितेचा जन्म झाला. हवेत लिहिलेले समाधिलेख या अर्थाचे नाव त्यांनी आपल्या एका कवितामालेस दिले. तिच्यातील एकेक कविता एकेका मृत व्यक्तीची आहे. कोणी फेरीवाला आहे, कोणी बाजारात बसणारी बाई आहे, कोणी नर्तकी आहे, तर कोणी दगड गोळा करण्याचा छंद असलेला गृहस्थ आहे. प्रत्येक कवितेच्या माथ्यावर त्या व्यक्तीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. ज्या सत्तेने साऱ्या स्त्रियांना एकच नाव लावले होते, तिला एका निर्वासित बाईने अशा रीतीने उत्तर दिले. तिने एकेकाला त्याचे वेगळेपण परत दिले.

मृतांची राख वाऱ्यावर गेली होती. मग त्यांची समाधी कोणती? जेथे धूर मिसळला ते आकाश आणि जेथे राख पडली ती माती, हीच त्यांची समाधी. म्हणून साक्सबाईंच्या कवितेत सृष्टीला साक्षीदाराचे स्थान मिळाले. १९४७ साली बर्लिनमध्ये त्यांचा जो संग्रह निघाला, त्यात दगड, तारे, ढग आणि झाडे आळीपाळीने बोलू लागतात. पोरकी झालेली मुले बोलतात, वाचलेली माणसे बोलतात, तशीच ही मुकी सृष्टीही बोलते. वाळूचा कण पाहिला की, त्यांना मृत्यूच्या दारी पायांतून काढावयास लावलेले जोडे आठवत. त्याच वाळूतून त्यांचे प्राचीन पूर्वजही वाळवंट तुडवीत गेले होते, हेही त्यांच्या मनात येई. फुलपाखराच्या पंखांवरची धूळ पाहून त्यांना देहाची धूळ स्मरे. परंतु सुरवंटाचे फुलपाखरू होते, ही गोष्टही त्या विसरत नसत. तरुणपणीच्या कवितांतील हरिणे आणि फुले केवळ शोभेची होती. आता सृष्टीतील प्रत्येक वस्तू कोणाची तरी आठवण जपून ठेवणारी झाली.

हे सारे त्यांनी जर्मन भाषेत लिहिले. त्याच भाषेत मृत्यूचे हुकूम सुटले होते. पण ती त्यांच्या आईची भाषा होती, वडिलांच्या घरात ऐकलेली भाषा होती. द्वेष करणाऱ्यांच्या हाती ती कायमची सोडून देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या कवितेत शोक आहे, पण सुडाची भाषा नाही. ज्यांचा छळ झाला त्यांनी पुढे दुसऱ्यांचा छळ करणारे होऊ नये, अशी तळमळ त्यांच्या एका कवितेच्या शीर्षकातच आहे.

स्मरणाचे हे व्रत सोपे नव्हते. १९५० साली आई गेली आणि साक्सबाई एकट्या पडल्या. जुन्या भयाने त्यांचे मन पुन्हा पुन्हा घेरले. कोणी तरी आपला पाठलाग करीत आहे, असे त्यांना वाटे. १९६० नंतर त्यांना बराच काळ रुग्णालयात काढावा लागला. तेथेही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. पाउल त्सेलान हे दुसरे जर्मन भाषक ज्यू कवी त्यांचे जिवलग स्नेही होते. त्यांचे आईवडील संहारात गेले होते. ही दोन पोळलेली माणसे पत्रांतून एकमेकांस धीर देत.

जगाने त्यांची दखल उशिरा घेतली. १९६५ साली जर्मनीतील पुस्तक व्यवसायाचे शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. ज्या देशातून जीव मुठीत धरून त्या पळाल्या होत्या, तेथे जाऊन त्यांनी ते स्वीकारले. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९६६ रोजी, स्टॉकहोम येथे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि हिब्रू लेखक श्मुएल योसेफ अग्नोन यांना विभागून देण्यात आले. तो त्यांचा पंचाहत्तरावा जन्मदिवस होता.

१२ मे १९७० रोजी नेली साक्स यांचे स्टॉकहोममध्ये देहावसान झाले. त्याच दिवशी पॅरिसजवळ पाउल त्सेलान यांचा दफनविधी होत होता. स्टॉकहोमलगतच्या स्मशानभूमीत साक्सबाईंचे थडगे आहे. तेथे खडा ठेवून त्यांचे स्मरण करता येते. परंतु त्यांनी ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांपैकी बहुतेकांना असा दगड नाही. त्यांच्यासाठी ढग, झाडे, वाळू आणि तारे आहेत. त्यांच्याकडे पाहून कोणाची आठवण करावयाची, हे एका बाईने अंधारात बसून लिहून ठेवले आहे.