परळचे हाफकिनसाहेब

भगिनींनो, मी काही लेखिका नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे चूल आणि मूल. परंतु मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून हे धाडस.

सासूबाईंच्या आजारपणात बोईसरहून पहाटेची गाडी धरून परळला पुष्कळ खेपा झाल्या. तेथे वाटेत ‘हाफकिन’ अशी पाटी दिसे. आपल्या तारापुरात पारशी घरे जुनी. मला वाटे, हाही कोणी दानशूर पारशीच असावा. पालघरच्या कॉलेजात शास्त्र शिकणाऱ्या माझ्या लेकीने वाचून दाखविले, तेव्हा खरी हकिकत कळली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियाच्या राज्यातील ओडेसा या बंदरात, एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे गुरू मेचनिकोव. रक्तातील पांढऱ्या पेशी पहारेकऱ्याप्रमाणे रोगजंतूंना पकडून गिळतात, हे या गुरूंनीच दाखवून दिले. यहुदी म्हणून मायदेशी वाट बंद, तेव्हा हाफकिन पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले आणि प्रथम ग्रंथालयातील काम पत्करले. तेथेच त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली पहिल्याने ती स्वतःलाच टोचून घेतली. पुढल्या वर्षी ते कलकत्त्यास आले व बंगालच्या वस्त्यांतून लस टोचीत हिंडले.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला. काखेत, जांघेत गाठ आली की माणूस चार दिवसांत जाई. पुण्यात आपल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता याच रोगाने गेल्या. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यांच्या मदतीने त्यांनी काम मांडले.

लस कशी केली, हे आपण गृहिणींनी ऐकण्यासारखे आहे. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून बकऱ्याच्या मांसाचे पाणी घेतले. त्यावर तुपाचे थेंब सोडले, त्याला धरून प्लेगचे जंतू खाली झुंबरासारखे वाढत. मग तापवून ते मारावयाचे. असे मेलेले जंतू अंगात गेले की शरीर शत्रू ओळखावयास शिकते, आणि खरा शत्रू आला की तयार असते.

१० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, हात ठणकला, पण ते कामावर राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी राजीखुशीने पुढे आले, त्यांना टोचली. लस न घेतलेल्या कैद्यांपैकी काही प्लेगने दगावले, घेतलेल्यांपैकी एकही नाही. आगाखान यांनी लस घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजाची भीती मोडली. १८९९ साली परळचा गव्हर्नरचा जुना बंगला प्रयोगशाळेला मिळाला.

आणि मग घात झाला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले. खरे पाहता बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. ही गोष्ट सरकारच्या गळी उतरावयास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा कोठे १९०७ साली त्यांच्यावरील डाग पुसला गेला. इतका अपमान गिळूनही ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर आले. पण मुंबईची आपली प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली मात्र तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये ते वारले. लग्न केले नव्हते, मागे मूलबाळ नव्हते.

आता माझी कबुली. २०२१ साली करोनाची लस आली, तेव्हा ऐकीव गोष्टींनी घाबरून मी सासूबाईंना घेऊन दोनदा रांगेतून परत फिरले. तिसऱ्या खेपेस त्या म्हाताऱ्या माउलीनेच माझा हात धरून मला नेले. ही हकिकत वाचली आणि मला माझीच लाज वाटली. भीती वाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण दुसऱ्याला सुई टोचण्याआधी ज्याने आपला दंड पुढे केला, त्याच्यापेक्षा मी वाटेवरच्या कुजबुजीवर अधिक विश्वास ठेवला.

आपल्या लेकरांना पाजलेले पोलिओचे थेंबही याच परळच्या जागेत तयार होत आले आहेत. म्हणून मैत्रिणींनो, बाळाच्या लसीचा दिवस चुकवू नका, आणि शेजारीण घाबरली तर तिला हसू नका. हात धरून सोबत न्या. माझ्या सासूबाईंनी नेले तसे.