भास्कराचार्यांची अभ्यासाची रीत

इ. स. १५९१ मध्ये अकबर बादशहाने आपला वकील म्हणून कवी फैजी यास खानदेशात, बुऱ्हाणपूरच्या राजा अली खान फारुकीकडे पाठविले. कामगिरी राजकारणाची होती. परंतु तापीकाठच्या या शहरात आलेल्या फैजीने चारच वर्षांपूर्वी, १५८७ मध्ये, एका संस्कृत गणितग्रंथाचा फारसी अनुवाद पुरा केला होता. तो ग्रंथ म्हणजे ‘लीलावती’ आणि त्याचे कर्ते भास्कराचार्य. बुऱ्हाणपूर ही ज्या खानदेशची राजधानी होती, त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. त्या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी अनेकांचा कौल पाटणच्या परिसराला आहे. घराणे शांडिल्य गोत्राचे आणि पिढीजात विद्वानांचे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपली विद्या पित्याच्या चरणांपाशी मिळाली, याचा कृतज्ञ उल्लेख त्यांनी केला आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग होत.

त्यांपैकी ‘लीलावती’ शतकानुशतके पाठ्यपुस्तक म्हणून टिकली. याचे कारण तिच्या रचनेत आहे. नियम थोडक्यात आणि पद्यात सांगितलेले, म्हणून ते सहज मुखोद्गत होतात. परंतु पाठांतरावर भास्कराचार्य थांबत नाहीत. नियमाच्या पाठोपाठ उदाहरण येते आणि ते थेट शिकणाऱ्याला उद्देशून विचारलेले असते. कधी ते मित्राला हाक मारतात, कधी बालिकेला. नियम ऐकला की तो लगेच हाताने वापरून पाहावयाचा, हा या ग्रंथाचा पहिला धडा होय.

गुणाकाराचेच उदाहरण पाहावे. १३५ ला १२ ने गुणावयाचे आहे. भास्कराचार्य त्यासाठी एक नव्हे, अनेक वाटा दाखवितात. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले तर १०८० आणि ५४० मिळतात. त्यांची बेरीज १६२०. १२ म्हणजे ४ गुणिले ३ असे मानले, तर आधी ४०५ आणि मग पुन्हा १६२०. वाटा वेगळ्या, पण मुक्काम एकच. एवढ्यावर न थांबता, आलेल्या गुणाकाराला त्याच १२ ने भागले तर काय येईल, हाही प्रश्न ते त्याच श्लोकात विचारतात. उत्तर १३५ आले, तर मघाचे गणित बरोबर. आपले उत्तर आपणच पडताळून पाहण्याची सवय अशी पहिल्या पाठापासून अंगवळणी पडते. पुढे उलट क्रमाने मूळ संख्येपर्यंत जाण्याचा व्यस्तविधी येतो आणि हीच सवय पक्की होते.

उदाहरणांचे विषयही शिकणाऱ्याच्या भोवतालचेच आहेत. त्यांत भुंगे आहेत, कमळे आहेत, मोर आणि साप आहेत. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकते. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. उरलेला भाग २० हातांचा. १२ चा वर्ग १४४ आणि १६ चा वर्ग २५६ यांची बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग. वेळू डोळ्यांसमोर उभा राहिला की काटकोन त्रिकोणाची आकृती आपोआप उमटते. गणित वाचण्याआधी ते पाहावे, हा संस्कार येथे होतो.

नियमामागचे कारण, म्हणजे उपपत्ती, न जाणणाऱ्या ज्योतिषाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून आपल्याच ग्रंथावर त्यांनी वासनाभाष्य लिहिले. पूर्वसूरी लल्लांचा गोलाच्या पृष्ठफळाविषयीचा नियम चुकीचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. वडीलधाऱ्यांचा आदर आणि चुकीचा स्वीकार या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, हा योग्य नियम सांगताना ते चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा देतात.

लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती अडकून तिचा विवाहमुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. ती फैजीच्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत आढळते. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. तरीही लोकमानसाने ती जपली, कारण ग्रंथाचा सूरच घरातल्या लेकराला शेजारी बसवून शिकविणाऱ्या वडीलधाऱ्याचा आहे.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी ग्रहगणिताची आकडेमोड सुलभ करणारा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. आयुष्यभर विद्या मिळविल्यावरही ती इतरांसाठी सोपी करण्याचे काम त्यांनी सोडले नव्हते.

पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. पाटणच्या मठाला १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला तो पेडण्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. दरम्यान, १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून तिच्या नियमांची कारणे उलगडली होती.

यादवांचे राज्य गेले, फारुकींचे गेले, मुघलांचेही गेले. १३५ गुणिले १२ हे गणित मात्र आजही एखाद्या मुलाला दोन रीतींनी सोडवून, उलट भागून पडताळता येते. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाजवळ रोज थोडा वेळ बसून एवढे करून घेतले, तरी महेश्वरांनी आपल्या मुलाला दिले ते त्याच्याही वाट्याला येईल.