Explained: पुढच्या चाकाचं बेअरिंग आलं कुठून? ६६व्या वर्षी पेटंट मिळवणाऱ्या बग्गीवाल्याची गोष्ट

गाडी वेग घेते तसा पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज वाढत जातो. घिवली-बोईसर अशी रोज ये-जा करणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. मिस्त्री चाक हलवून पाहतो आणि सांगतो, बेअरिंग गेलं. या बेअरिंगच्या इतिहासात घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांचं नाव मोठं आहे.

कोण होते टिमकेन?
जन्म १८३१, जर्मनीतील ब्रेमेनजवळ. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत मिसुरीला गेलं. वडिलांची शेती सोडून हेन्री सेंट लुईसमध्ये गाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागले. १८५५ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. १८७७ मध्ये बग्गीच्या स्प्रिंगचं पेटंट मिळालं आणि त्यातून चांगला पैसा आला. पुढे ते कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला स्थायिक झाले. पण स्वस्थ बसणं त्यांना जमलं नाही.

अडचण काय होती?
सरळ रस्त्यावर चाकावर वरून वजन येतं. वळणावर मात्र बाजूनेही रेटा बसतो. सरळ रोलर वरचं वजन पेलतात, बाजूचा रेटा त्यांना झेपत नाही. घर्षण वाढलं की चाक जड होतं आणि त्याचा त्रास घोड्याला होतो.

उपाय काय काढला?
टिमकेन आणि त्यांचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी एका टोकाला निमुळते रोलर वापरले. तिरक्या बैठकीमुळे ते दोन्ही दिशांचा भार घेतात. जून १८९८ मध्ये पेटंट मिळालं, तेव्हा टिमकेन ६६ वर्षांचे होते. १८९९ मध्ये त्यांनी मुलांसोबत कंपनी काढली. १९०१ मध्ये ती ओहायोतील कँटनला हलली, कारण मोटारींचे कारखाने आणि पोलाद दोन्ही तिथून जवळ होते. घोडागाडीचा काळ संपत असल्याचं त्यांनी वेळीच ओळखलं. मार्च १९०९ मध्ये त्यांचं निधन झालं. फोर्डची मॉडेल टी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

आज तुमच्या गाडीत काय आहे?
जुन्या अॅम्बेसेडर, पद्मिनीच्या पुढच्या हबमध्ये बेअरिंगची जोडी असायची. ग्रीस भरून, नट जुळवून ती वर्षानुवर्षं चालवली जाई. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत सीलबंद बॉल बेअरिंग असतं. सील फाटून पाणी शिरलं की ग्रीस बिघडतं, मग बेअरिंग बदलावंच लागतं.

बदलताना काय पाहाल?
- बेअरिंग हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवलं जातंय ना?
- हबवर झीज किंवा चरे असतील तर हबही बदला.
- एक्सलचा नट नवा हवा आणि टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळलेला हवा.

आवाज अंगवळणी पडला तरी झीज थांबत नाही. खेळ वाढत गेला तर चाक जाम होऊ शकतं किंवा निखळूही शकतं. त्यामुळे आवाज येताच गॅरेज गाठा.