वै. जोगमहाराजांची शेवटची तीन वर्षे

वै. विष्णुबुवा जोगमहाराज हे नाव ऐकले नाही असा टाळकरी विरळाच. आळंदीस गेलो की त्यांच्या वारकरी शिक्षण संस्थेपुढून आपण जातो, हात जोडतो. पण ती कसल्या दिवसांत उभी राहिली, हे आपल्या ध्यानी येत नाही. ते दिवस आम्हांस येथे सांगावयाचे आहेत.

महाराजांचा जन्म इ. स. १८६७ चा, पुण्याचा. घरात तालमीचा नाद. तरुणपणी त्यांनीही लाल मातीत अंग घुसळले. पुढे आळंदी-पंढरीची गोडी लागली. माउलींच्या समाधीवर माळ ठेवून ती त्यांनी आपल्या हाताने गळ्यात घातली, असे जुनी मंडळी सांगत. लग्न केले नाही. कीर्तनाचा पैसा घेतला नाही. (आम्ही बिदागी घेतो. हे लिहिताना लेखणी जरा अडखळली, ते असो.)

ध्यास एकच. ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचे अर्थासह, पद्धतशीर अध्ययन व्हावे, आणि तेही कोणाचीही जात न विचारता. त्या वेळी ही विद्या बहुधा फडाफडांतून, घराण्यांतून चाले. ज्याच्या घरी परंपरा नाही त्या कुणब्याच्या पोराने जावे कोठे? महाराजांनी गाथेचा अर्थ लिहून छापला खरा; पण अहो, पुस्तक म्हणजे काही पाठशाळा नव्हे.

काळ मात्र अनुकूल होईना. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला, तो पुढे वर्षानुवर्षे उलटून येत राहिला. १९१४ साली महायुद्ध पेटले, धान्य महागले. लढाई संपू द्या, स्वस्ताई होऊ द्या, मग पाहू, असे कोणीही शहाणा म्हणाला असता. महाराज पन्नाशीला आलेले. त्यांनी वाट पाहिली नाही. १९१७ च्या गुढीपाडव्यास आळंदीत मूठभर विद्यार्थी घेऊन पाठ सुरू केला. मुलांनी माधुकरी मागावी आणि शिकावे, एवढीच व्यवस्था.

दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, पाऊस हुकला. त्यातच मानमोडीची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मुंबई इलाख्यात तर पावसाळा सरता सरता कहर झाला. ज्या गावात चूल पेटत नाही तेथे झोळी घेऊन उभे राहायचे कोणाच्या दारी? त्या वेळी पाठशाळा मिटून मुलांना घरी धाडले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. महाराजांनी संस्था मोडली नाही.

१९२० साली आळंदीतच त्यांनी देह ठेवला. आज तेथील शिक्षणक्रम चार वर्षांचा आहे. पहिल्या विद्यार्थ्यांना मात्र महाराज पुरती तीन वर्षेही लाभले नाहीत. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, लक्ष्मणबुवा कुंदेकर या शिष्यांनी भार उचलला. सोनोपंत दांडेकरही त्यांचेच शिष्य. पुढे ते पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तरी वारी सुटली नाही.

आम्ही लहानपणी संस्कृत पाठशाळेत बसलो. अमरकोश झाला, लघुकौमुदी झाली. थोडी घमेंडही झाली, बरे का. पण ज्ञानेश्वरीची ओवी उलगडते कशी, हे आम्हांस दाखविले ते आळंदीच्या त्या संस्थेत शिकून आलेल्या, घरी कसलीही परंपरा नसलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने.