पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर आणि खासगीची ठेव

सुरत शहरात कतारगाम दरवाजाच्या परिसरात सतराव्या शतकातील इंग्रज, डच आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांची थडगी आजही उभी आहेत. सन १६६९ मध्ये निवर्तलेला इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन तेथे आहे. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथाचा प्रवर्तक हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडही तेथेच विसावला आहे. त्याच ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित व अपू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी साह्य करून सन १६७५ मध्ये आपली साक्ष नागरी लिपीत लिहून दिली होती. या थडग्यांचे घुमट भव्य आहेत. परंतु त्यांच्यापुढे आज दिवा लागत नाही.  याउलट एका निपुत्रिक झालेल्या विधवेने आपल्या घराची संपत्ती अशा रीतीने लावून दिली की, सव्वादोनशे वर्षांनंतरही तिच्या नावाने घाट झाडले जातात व देवांना नैवेद्य चढतो. ती साध्वी म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर होय.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पिता माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. लहान वयातच त्यांचा विवाह सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी झाला. मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये त्यांना झाली. सासू गौतमाबाई या करड्या शिस्तीच्या, पण सुनेची योग्यता ओळखणाऱ्या होत्या. घरचा हिशेब, कागदपत्र व वसुली यांचे शिक्षण अहिल्याबाईंना सासरीच मिळाले.

होळकरांच्या घरात संपत्तीचे दोन भाग होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा मुलूख, फौज आणि तिच्या खर्चाचा खजिना. दुसरी खासगी, म्हणजे घरच्या धनीणीच्या नावे असलेली स्वतंत्र जहागीर. सन १७३४ मध्ये मल्हाररावांच्या विनंतीवरून थोरल्या बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावे ही जहागीर करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आतबाहेर होते. शिपाईगिरीच्या घरात धन्याचे मस्तक केव्हा रणांगणी पडेल आणि दौलतीवर केव्हा जप्ती येईल याचा नेम नसे. फौजेचे कर्ज व स्वाऱ्यांचा खर्च यांचा बोजा खासगीवर पडू नये, हा या व्यवस्थेचा गाभा होता. हिशेब वेगळे, कारकून वेगळे, खजिना वेगळा. खासगी ही सासूकडून सुनेकडे जावी असा घराचा रिवाज पडला. सन १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली.

तोवर दुःखाचे पहिले आघात होऊन गेले होते. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून परत फिरविले. २० मे १७६६ रोजी खुद्द मल्हारराव निवर्तले. गादीवर आलेले मालेराव पुढल्याच वर्षी मृत्यू पावले. पती, सासरा आणि पुत्र असे तिघे तेरा वर्षांत गेले, आणि होळकरांच्या घरात अहिल्याबाईंच्या रक्ताचा पुरुष वारस उरला नाही.

अशा वेळी घरात जे घडते तेच येथेही घडले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले की, बाईंनी एखादे अल्पवयीन मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्या हाती द्यावा. या मसलतीस रघुनाथराव पेशव्यांची साथ मिळाली व ते फौजेसह माळव्यात आले. अहिल्याबाईंनी दत्तकाची सूचना साफ नाकारली. आपण एका धन्याची सून, दुसऱ्याची पत्नी व तिसऱ्याची माता आहोत. तेव्हा या घराचे पुढे काय करावयाचे ते ठरविण्याचा अधिकार आपलाच, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी इतर सरदारांस पत्रे पाठविली, फौज सज्ज केली आणि तुकोजी होळकरांना सेनापतिपद दिले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंच्याच बाजूने निर्णय दिला. रघुनाथरावांना समाचारास आल्याचे सांगून माघारी जावे लागले.

परंपरा अशी सांगते की, कारभार हाती येताच बाईंनी खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवले, गंगोदक सोडले आणि ते सारे द्रव्य धर्मकार्यास अर्पण केले. या संकल्पाचा व्यवहारातील अर्थ फार मोठा होता. जे देवाचे झाले ते भाऊबंदांना वाटून घेता येत नाही, सावकाराला त्यावर कर्ज देता येत नाही, आणि राजालाही त्याला हात लावताना लोकापवादाचे भय वाटते.

खासगीच्या द्रव्यातून काशीविश्वनाथाचे मंदिर सन १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले; सोमनाथ येथे सन १७८३ मध्ये नवे देवालय झाले; गयेच्या विष्णुपद मंदिराचे काम सन १७८७ मध्ये पुरे झाले. घाट, धर्मशाळा, बारव व अन्नछत्रे हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पसरली. मात्र बांधकाम करून बाई थांबत नसत. पूजाअर्चा, नैवेद्य, अन्नछत्र व डागडुजी यांसाठी उत्पन्नाची तजवीज लावून दिली जाई. दक्षिणेतील देवस्थानांना दरवर्षी गंगाजलाच्या कावडी जात, त्यांचाही खर्च बांधलेला असे. गोमंतकातील महाजनांना ही रीत अपरिचित नाही. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने सन १७३९ मध्ये श्रीमंगेशास मंगेशी गाव पेशव्यांकडून इनाम मिळाला, तेव्हा हाच विचार होता.

स्वतःच्या ठेवीबद्दल इतक्या दक्ष असलेल्या बाई परक्याच्या वारशाबद्दलही तितक्याच निःस्पृह होत्या. बेवारशी मालमत्ता सरकारजमा करण्याचा त्या काळी सर्वत्र प्रघात होता. इंदुराजवळ एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला असता तुकोजींनी त्याच्या संपत्तीत भाग मागितला. विधवेने महेश्वर गाठले. बाईंनी तिचा हक्क मान्य करून तिला वस्त्रे दिली व तुकोजींना तेथील मुक्काम हलविण्याची आज्ञा केली. खरगोण येथील दोन श्रीमंत विधवांनी आपले सर्वस्व बाईंना देऊ केले, तेव्हा ते न स्वीकारता लोकोपयोगी कामी लावण्याचा सल्ला त्यांनी दिला. सर जॉन माल्कम यांनी पुढे माळव्यातील वृद्धांकडून अशा हकीकती ऐकून आपल्या ग्रंथात नोंदविल्या.

दैवाने मात्र शेवटपर्यंत परीक्षा पाहिली. मुक्ताबाईंचा पुत्र नथ्याबा हा आजीचा एकच आधार होता. तोही तारुण्यात गेला. सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि आईच्या साऱ्या विनवण्या बाजूस सारून मुक्ताबाई सती गेल्या. नर्मदेच्या घाटावर ते दृश्य पाहण्याचे अहिल्याबाईंच्या नशिबी आले. ज्यांच्यासाठी माणूस संपत्ती राखतो, त्यांपैकी एकही जण मागे उरला नाही. तरीही त्यांनी एकही अन्नछत्र बंद केले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचा देहान्त झाला.

दौलतीचे पुढे काय झाले ते इतिहासात नमूद आहे. सन १७९७ मध्ये तुकोजी वारताच त्यांच्या पुत्रांत कलह पेटला. युद्धाच्या निकडीत महेश्वरच्या खजिन्यालाही हात लागला. सन १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा बराच मुलूख गेला. परंतु खासगीचे खाते व तिचे धर्मादाय चालूच राहिले. सन १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा खासगीच्या उत्पन्नाबदली या धर्मादायांसाठी दरवर्षी सुमारे दोन लाख ब्याण्णव हजार रुपये बाजूस काढण्याचे ठरले. सन १९६२ मध्ये त्यांच्या देखरेखीसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. मंदिरे, घाट, धर्मशाळा धरून देशभरातील सुमारे अडीचशे मिळकतींचा हा व्याप आहे.

याही ठेवीला वादाने सोडले नाही. हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मिळकतींच्या विक्रीचा प्रश्न न्यायालयात गेला. सन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सार्वजनिक विश्वस्त संस्था असल्याचे ठरविले. तिने रीतसर नोंदणी करावी व मिळकत विकण्यापूर्वी निबंधकाची अनुमती घ्यावी, असा निर्णय झाला. संकल्प कितीही पवित्र असो, त्याच्या मागे चोख दप्तर आणि जागरूक माणसे लागतात, हेच यावरून दिसते.

देवस्थानांच्या महाजनांना या चरित्रात आपलेच प्रतिबिंब दिसावे. गोव्यात सन १९३३ च्या महाजनीच्या नियमनाने देवस्थानांचा कारभार व हिशेब यांना कायद्याची चौकट दिली. पण चौकटीत प्राण ओतणे हे प्रत्येक पिढीचे काम आहे. पूर्वजांनी देवाच्या नावे ठेवलेली बागायत, शेत व दागिना हे त्यांच्या घराचेच धन होते. ते त्यांनी वाटणीतून काढून श्रींच्या पायी ठेवले, म्हणून आज टिकून आहे. त्याची यादी नीट राखणे, हिशेब वेळेवर लिहिणे आणि ते पुढच्या हाती जसेच्या तसे सोपविणे, एवढे घडले तर पुण्यश्लोक मातुःश्रींचे स्मरण सार्थ झाले असे म्हणता येईल.