शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराज

श्रीक्षेत्र पैठण ही नाथांची जन्मभूमी व कर्मभूमी. संत भानुदासांच्या कुळात जन्मलेल्या नाथांचे मातापिता बालपणीच निवर्तले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे गुरूच्या ओढीने ते देवगिरीस श्रीजनार्दनस्वामींच्या चरणी आले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी असल्याने गुरुसेवेत दफ्तराचे कामही आले. एके रात्री हिशेबात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्याशी बसून राहिले आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. हीच एकाग्रता ईश्वरचरणी लावावी, असे स्वामींनी त्यांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे.

गोदास्नान करून परतताना अंगावर थुंकणाऱ्या माणसामुळे नाथांनी १०८ वेळा स्नान केले, ही कथाही सर्वांस ठाऊक आहे. परंतु नाथांच्या शांतीची खरी कसोटी घरातच लागली. प्राकृतातील पुराणकथन न रुचल्याने विद्वान पुत्र हरिपंडित काशीस निघून गेले. पुत्राने परत यावे म्हणून नाथांनी प्राकृत ग्रंथ न सांगण्याची व परान्न न घेण्याची अट मान्य केली. श्रोते कमी झाले, तरी नाथ रागावले नाहीत. कालांतराने हरिपंडितांनाच पित्याचा अधिकार उमगला, असे चरित्रकार सांगतात.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील ३१ अध्यायांची टीका त्यांनी पैठणास आरंभून शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. त्याहूनही चिकाटीचे कार्य ज्ञानेश्वरीचे. ग्रंथरचनेस सुमारे तीनशे वर्षे लोटली होती; नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी स्वतःच्या ओव्याही घातल्या होत्या. नाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. स्वतः समर्थ कवी असूनही दुसऱ्याच्या ग्रंथातील अक्षर न् अक्षर तपासीत बसणे, ही सेवा कवित्वापेक्षा कमी मोलाची नव्हे. आज घरोघरी ज्ञानेश्वरीचे पारायण होते, त्यामागे हे श्रम आहेत.

उतारवयात त्यांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदातीरी देह ठेवला. उर्वरित रामायण त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केले. समाधिमंदिर गोदाकाठी असून नाथांचा राहता वाडा गावात आहे. भाविकांनी दोन्ही ठिकाणी दर्शन घ्यावे. नाथषष्ठीस येथे दिंड्यांची मोठी गर्दी असते व अष्टमीस काल्याने उत्सवाची सांगता होते.