अवघ्या २४ सशांनी ऑस्ट्रेलियाच्या नाकी नऊ आणले! कोण होता थॉमस ऑस्टिन?

शिकारीची हौस किती महागात पडू शकते? ऑस्ट्रेलियाला विचारा.

थॉमस ऑस्टिनचा जन्म १८१५ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा. पोरवयातच तो टास्मानियात आला आणि पुढे व्हिक्टोरियात मेंढ्या पाळून गब्बर झाला. पैसा होता, जमीन होती, पण बंदुकीला काम नव्हतं. मग त्याने गावाकडच्या भावाला रानससे पाठवायला सांगितलं.

भावाला पुरेसे रानससे मिळेनात. त्याने गावकऱ्यांचे पाळीव ससेही सोबत धाडले. १८५९ च्या ऐन नाताळात २४ ससे मेलबर्नला उतरले आणि ऑस्टिनच्या 'बार्वन पार्क'वर पोहोचले.

रानससा करडा-तपकिरी, गवतात मिसळून जाणारा. त्यात पाळीव रक्त आलं की मधूनच एखादा काळा ससा निघू शकतो. काळ्या रंगाचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच तो रंग दिसतो, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. पण असा ससा गरुडाला लांबूनच दिसणार ना! टिकला तो करडाच. २०२२ च्या जनुकीय अभ्यासानुसार ऑस्ट्रेलियातले बहुतेक ससे याच खेपेचे वंशज आहेत आणि त्यांच्यात रानरक्तच जास्त आहे. १७८८ मध्ये आलेले पाळीव ससे मात्र असे पसरले नव्हते.

१८६७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड इथे सशांच्या शिकारीला आला. म्हणजे तेव्हा ऑस्टिनचं कौतुकच होत होतं, बरं का! १८७१ मध्ये त्याची आलिशान हवेली बांधून झाली आणि त्याच वर्षी तो वारला. मेलबर्नचं ऑस्टिन हॉस्पिटल पुढे उभं राहिलं ते त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या देणगीतून.